दाराजवळच्या पेटीवरचा राउटर

माझी नांदेडची सीट गेली ती आमच्या मामांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी "जाऊ दे रे, वयस्कर माणूस" म्हणायला नको.

मामा लातूरचे, रिटायर हेडमास्तर. मी मुखेडचा. मेडिकलच्या क्लाससाठी त्यांच्या घरी राहायला आलो, दुसऱ्या वर्षी मधेच क्लास सोडला आणि एका इंटरनेटवाल्याच्या दुकानात लागलो. घरोघरी राउटर बसवायचे, सेटिंग करून द्यायची. या कामात किस्से साचतात ते दुकानातल्या खोक्यात जुने चार्जर साचतात तसे. कुठला कुणाचा ते आठवत न्हाई, पण टाकवतही न्हाई. माझ्या खोक्यातले अर्धे तर मामांच्या घरचेच आहेत.

०००

लातूरच्या त्या मोठ्या भूकंपातून मामा वाचले. तेव्हापासून त्यांच्या घरात डोक्याच्या वर काही ठेवायचं न्हाई असा कायदा. भिंतीवर फोटो न्हाई, फळी न्हाई, माळा तर बांधलाच न्हाई. दाराजवळ एक लोखंडी पेटी, तिच्यात घराचे कागद, बॅटरी, पाण्याची बाटली. हादरा बसला की हाताशी येईल ते उचलायचं आणि रस्त्यावर पळायचं. पाहुणा आला तरी चहाच्या आधी त्याला हे समजावून सांगतात.

घरात वायफाय घेतलं तेव्हा मी म्हटलं, राउटर जिन्यापाशी वर भिंतीला ठोकू, म्हणजे वरच्या खोल्यांतही रेंज जाईल. मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्यांच्या उशाला धोंडा टांगून राहिलो.

"राउटर पेटीवर राहील. दाराजवळ. हाताशी."

राहिला. वर रेंज काही गेली न्हाई. स्वतः उभं राहून बांधून घेतलेल्या भिंतीवर या माणसाचा एका राउटरपुरता भरोसा न्हाई, आणि त्याच भिंतींवरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर क्लासची पोरं ठेवलीत. त्यांच्या आईबापांना सांगतात, "एकदम मजबूत बांधकाम हाय!"

०००

मामांचा मुलगा ऋषी. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच रिपीटर. फरक एवढाच की तो नापास झाला की "अनुभव घेऊन राहिला" आणि मी झालो की "मुखेडचं डोकं, जास्त चालायचं न्हाई." त्याला सकाळी भिजवलेले बदाम. मला त्या बदामांची वाटी विसळायला.

वायफायला नाव काय द्यायचं म्हणून विचारलं तर मामा म्हणाले, "डॉ. ऋषिकेश." अजून एकही कॉलेज मिळालं न्हाई, पण नेटवर्कवर डॉक्टर झाला. आणि ते नाव माझ्याच हातानं टाकून घेतलं.

समोरच्या धान्याच्या दुकानवाल्या शिवराजअप्पांनी ते आपल्या फोनवर पाहिलं. त्यांची नातही क्लासला. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "आमचं नाव बदल बाळ्या. डॉ. स्नेहल टाक. आणि पुढं एमडी पण टाक, वरचढ राहू दे." मग काय, अख्खी गल्ली मागं लागली. लवकरच आमच्या गल्लीत फोन उघडला की वायफायच्या यादीत सिव्हिल हॉस्पिटलचा बोर्ड दिसायला लागला. राहायला एक कंपाउंडरसुद्धा न्हाई!

एकदा अहमदपूरकडचा एक माणूस तापानं फणफणलेलं लेकरू खांद्यावर घेऊन दारात आला. कुणाच्या तरी फोनवर नाव पाहिलं होतं त्यानं.

"डॉक्टर ऋषिकेश इथंच बसतात का?"

मी त्याला रिक्षात बसवून खऱ्या दवाखान्यात पाठवलं. परत आलो तर मामा मामींना सांगून राहिले होते, "बघ, आत्ताच पेशंट यायला लागले."

०००

त्या मे महिन्यात राउटर तापायला लागला. ऋषीचं लेक्चर अडकायचं. मी म्हटलं, पेटीचं लोखंडच गरम होऊन राहिलंय, स्टुलावर तरी ठेवा. पण पेटी ती पेटी.

हॉलमध्ये मी झोपायचो तिथं एक जुना कूलर होता. मामांनी तो उचलून दाराकडं फिरवला, राउटरच्या तोंडावर. मी घामानं भिजून पडलेलो आणि तो पेटीवर गार हवा खात हिरवे दिवे मिचकावून राहिलेला. माणसाचा हेवा मी रोजच करायचो. त्या दिवसापासून वस्तूचाही करायला लागलो.

०००

वरची पोरं लई नेट ओढतात अशी मामांची तक्रार. मी सांगितलं, राउटरला दोन नेटवर्क करता येतात. एक घरचं, एक गेस्टचं. पोरांना गेस्टवर टाकू, त्याचा स्पीड कमी ठेवू. ऋषीची टेस्ट असली की गेस्ट बंदही ठेवता येईल. मामा खूष. आयुष्यात पहिल्यांदा मला "शाब्बास" म्हणाले.

मी सेटिंगचं पान उघडून बसलो, मामा खुर्ची ओढून शेजारी. कोणाचा फोन कुठं, एकेक विचारून घेतलं. मामांचा घरचा. मामींचा घरचा. ऋषीचा फोन, लॅपटॉप, टॅब, सगळे घरचे. हॉलमधला टीव्ही घरचा. मग म्हणाले, "आणि हा कुणाचा?"

"माझा."

"तू गेस्टवर जा रे."

मीच मला काढलं आणि मीच मला टाकलं. टीव्ही घरचा राहिला, मी पाहुणा झालो.

०००

दुकानात काम करता करता मी कुणाला न सांगता डिप्लोमाचा फॉर्म भरला होता. नांदेडला, कॉम्प्युटरचा. आणि माझा नंबर लागला. ऋषीचा कुठंच न्हाई, माझा! पेढे आणू का विचारलं तर मामा म्हणाले, "ऋषीचा लागला की एकदमच आणू."

सीट घेतो म्हणून साईटवर कळवायचं होतं, शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत. तो नेमका रविवार, दुकानाला सुट्टी. सकाळपासून साईट उघडत नव्हती आणि दुपारी उघडायला लागली तर ऋषीची ऑनलाइन टेस्ट सुरू, म्हणजे गेस्ट बंद. फोनच्या नेटवर पान अर्धं येऊन थांबायचं. घरचं नेट वापरू द्या म्हणून मी मामांच्या मागं मागं फिरलो. साडेचार होऊन गेल्यावर ते म्हणाले, "हाव, घे घरचं. पण लवकर आटप, त्याचं अडकायला नको."

पान उघडलं. माझं नाव आलं. खाली बटण आलं. मी बोट टेकवलं, गोल चक्र फिरायला लागलं.

आणि जमीन हलली.

हादरा तसा बारकाच. भांडी वाजली, बस्स. पण मामा तालीम केलेला माणूस. उठले, पेटीपाशी गेले, हाताशी आलं ते उचललं आणि बाहेर. ऋषी त्यांच्याही आधी. सगळी गल्ली रस्त्यावर. जो तो फोन लावून राहिलेला, त्यामुळं मोबाईलचा टॉवरही गप्प.

मी बाहेर आलो तेव्हा मामा रस्त्याच्या मधोमध उभे होते. कागद पेटीतच राहिले होते. छातीशी राउटर, वायर मागं धुळीत लोळत.

"ऋषी, लॅपटॉप कुठाय? टेस्ट चालू हाय ना तुझी! वायफाय मी आणलंय!"

ऋषी म्हणाला, आतच राहिला.

मामांनी त्याचा दंड घट्ट धरला. "तू न्हाई जायचं आत. घर कधी खाली येईल सांगता येत न्हाई." मग माझ्याकडं वळले. "बाळ्या, तू जा. पळ."

मी आत गेलो आणि लॅपटॉप आणून दिला.

पाच वाजता साईट बंद झाली. माझी सीट पुढच्या फेरीत दुसऱ्याला गेली.