सखोबाबाचा शब्द

शिरड शहापूरच्या अनुसयाबाईचा कुणावर भरवसा म्हणून बसायचा नाही. विकणाऱ्यानं शेळीचं वय सांगितलं, तरी बाई स्वतः जबडा उघडून दात पाहणार. पोटच्या पोराचा फोन आला, तरी आधी विचारणार, "कोन शिवहार?" लोक हसायचे. हसोत बापडे! एका सखोबाबावर मात्र तिनं जन्मभर डोळे मिटून विश्वास ठेवला.

डोळे मिटून म्हणजे खरोखरच मिटून. बाबाच्या पंथात येणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचे, मठाच्या दारावर तीन थापा मारायला लावायचे आणि आत नेऊन कानात फक्त त्याचा असा एक शब्द द्यायचे. तो कुणाला सांगायचा नाही; नवऱ्यानं बायकोलाही नाही. मरताना तो मनात असला तरच बाबा पलीकडे ओळख देणार. अनुसयाबाई आणि तिचा नवरा सटवाजी, दोघांनी तरुणपणी खुद्द बाबाकडून तो घेतला होता.

यंदा सटवाजीला लकवा मारला. वाचा हळूहळू परतली, पण शब्द गेला तो गेलाच. गावातल्या सगळ्यांची मेंढरं आठवायची, शब्द आठवायचा नाही. "तुहा तरी सांग गं. बाबा मला वळखनार न्हाई," म्हणून तो लेकरासारखा रडायचा. बाई पदरानं त्याचे डोळे पुसायची, पण तोंड उघडायची नाही. काळीज तुटत होतं तिचं. पण बाबाला दिलेलं वचन मोडायचं कसं?

अशात शिवहार बापाला भेटायला हैदराबादहून आला. तिकडं तो वॉचमनचं काम करतो. बापाचं रडणं ऐकून तो म्हणाला, "माय, तिकडं सायेब लोकायचं एक जुनं मंडळ हाय. फ्रीमेसन म्हंत्यात. नवा मानूस आला की डोळ्याला पट्टी, दारावर तीन थापा, अन् कानात शब्द. बायकोला बी सांगायचा न्हाई म्हंत्यात."

अनुसयाबाईला बाबाची जुनी नोकरी आठवली. निजामाच्या काळात बाबा हैदराबादला एका साहेबाकडे खानसामा होते, हे सगळ्या पंथाला ठाऊक होतं.

"खानसाम्याला कोन आत घेतंय?" ती म्हणाली.

"आत घेतलं नसंल, तर फटीतून पायलं असंल."

झालं! बाईच्या मनात पाल चुकचुकली ती थांबेचना. बाबा देवाचा माणूस, का चोरून त्या मंडळात जाणारा? हा शब्द आला कुठून?

जवळा बाजार गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ती तडक तिथल्या मठात गेली. बाबा गेल्यापासून मठ सांभाळणारे तातेराव म्हणजे बाबाच्या पायाशी वाढलेला माणूस. तिनं सरळच विचारलं, "बाबा फ्रीमेसन व्हते का वो?"

तातेरावांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "कोन म्हनलं तुमाला?"

खोटं असतं तर हा मानूस आधी 'न्हाई' म्हनला असता, बाईनं मनात टिपलं.

"बरं, ते जाऊ द्या. आमच्या मानसाला पुन्यांदा शब्द द्या."

"मंग त्यायनं पुन्यांदा इथं यावं. सोताच्या पायानं यावं, थापा माराव्या. तसा नेम हाय."

"त्यायचे पाय चालत असते तर मी कशाला आले असते तुमच्या दारी!" म्हणून ती तणतणत निघाली.

परतताना ऑटोत बसल्या बसल्या तिनं हिशेब मांडला. बाबा देवाचा असेल, तर आजाऱ्यासाठी एवढं माफ करील. आणि त्या मंडळाचा असेल, तर त्याच्या नेमाला विचारतो कोण?

घरी येताच तिनं शिवहारला शेळ्यांकडे पिटाळलं, दार लोटलं आणि सटवाजीच्या कानाला तोंड लावून शब्द सांगितला.

सटवाजीनं तो पुटपुटून पाहिला. मग त्याचा अर्धा चेहरा उजळला. "हाच गं! माझा बी हाच व्हता!"

अनुसयाबाईला खरं वाटेना. "दोघायचा एकच? बाबानं तर सांगितलं व्हतं, हा फकस्त तुहा."

"मला बी तसंच म्हनले व्हते."

"मंग मी तुमाला येवढं रडवलं काहून वो?"

शब्द तोंडात घोळवता घोळवता सटवाजीला झोप लागली होती. अनुसयाबाई त्याच्या उशाशी बसून, जन्मात पहिल्यांदा बाबाला शिव्या घालत, ढसाढसा रडली.