मोठीबाईची मेणाची वडी

बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान फुलचूरच्या आमच्या शाळेवरून गेलं की तिसरीची पोरं हातातलं टाकून खिडकीकडे धावतात आणि मी ओरडते. त्या दिवशी ओरडायला तोंड उघडलं तोच मोबाइल वाजला. नवऱ्याचा फोन होता, पण त्या घरघरीत काही ऐकूच येईना. "मोठ्यानं बोला ना!" मी त्याच्यावरच खेकसले. मग विमान गेलं, पोरं गुपचूप जागेवर बसली आणि तो म्हणाला, "वहिनी गेली." फोन ठेवल्यावर मी फळ्यावरचं गणित पूर्ण केलं. का केलं, अजून कळत नाही...

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी नव्व्याण्णव साली लग्न होऊन कामठ्याच्या या घरात आले तेव्हापासून तिला मोठीबाई म्हणायचे. मी डी.एड. झालेली, तोंडानं फटकळ, आणि स्वयंपाकात शून्य. पहिल्याच दिवशी भाताच्या गंजावरचं झाकण उघडून तिनं आत पाहिलं आणि म्हणाली, "काऊन वं प्रभा, घरात का पोपट जेवते?" मला राग आला, आणि रागारागात दुसऱ्या दिवशी मी एवढा भात रांधला की दोन दिवस तोच खाल्ला. ती हसून हसून बेजार. तिला मूलबाळ नव्हतं. माझी दोन्ही पोरं तिच्याच मांडीवर वाढली, माझ्यापेक्षा तिचंच ऐकायची. मला त्याचा हेवा वाटायचा, हेही सांगून टाकते.

तिचे मालक, म्हणजे माझे भासरे, गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये कामाला होते. संध्याकाळी सायकलवरून यायचे ते भुवयांपर्यंत कोंड्यानं भरलेले. ती दारातच अडवायची, दुपट्ट्यानं त्यांचं अंग झाडायची आणि झाडता झाडता दिवसभराचं भांडण उरकून घ्यायची. नवरा-बायको इतकं बोलतात हे मी त्या घरात पहिल्यांदा पाहिलं.

छातीतली गाठ तिनं अख्खी रोवणी लपवली. चिखलात वाकून वाकून धान लावलं आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही. मला कळलं तेव्हा मी कडाकडा भांडले. "रोवणी होऊ दे म्हटलं, मंग पाहू," एवढंच तिचं उत्तर. गोंदियाला ऑपरेशन झालं. काढलेली गाठ औषधाच्या पाण्यात बुडवून बरणी भासऱ्यांच्या हाती दिली, नागपूरला तपासायला न्या म्हणून. गाडीत गर्दी होती. ती बरणी त्यांनी खाली ठेवली नाही, दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर धरली. शेजारच्यानं विचारलं, "लोणचं हाये का?" भासरे म्हणाले, "नाही गा, बायको हाये." घरी येऊन त्यांनीच हे सांगितलं, आणि मोठीबाई टाके दुखत असतानाही खुदकन हसली.

गाठ कॅन्सरचीच निघाली. नागपूरच्या खेपा, सलाईन, उलट्या, केस जाणं, सगळं झालं आणि ती उठून बसली. पुढे लॅबमधून उरलेला तुकडा परत मिळाला. मेणात घट्ट बसवलेली एक चौकोनी वडी, शिंप्याच्या खडूएवढी, आणि त्याच गाठीचा पापुद्रा चिकटवलेल्या दोन काचेच्या पट्ट्या. काउंटरवरचा पोरगा "संभालके रखना" म्हणाला. कशासाठी, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. घरी मोठीबाईनं ती वडी उजेडात धरून पाहिली. मेणात मध्येच मळकट पांढरा ठिपका दिसत होता. "एवढीशी होती, आन् केवढा तमाशा केला हिनं," ती म्हणाली आणि सारं आरशामागच्या फळीवर ठेवून दिलं.

बरीच वर्षं गेली. मग एका सकाळी मिलच्या फाटकाशी भासरे सायकलवरून उतरले आणि तिथंच बसले, ते उठलेच नाहीत. आमच्या घरात पिंड नाही, कावळा नाही. पांढरं वस्त्र, त्रिसरण, पंचशील, एवढंच. चितेकडे न्यायच्या आधी मोठीबाई त्यांच्याजवळ बसली होती. तिचा हात वस्त्राखाली, त्यांच्या छातीपाशी जाताना मी पाहिला. फूल ठेवत असेल असं मला वाटलं.

त्यानंतर वर्षाच्या आतच तिची कंबर दुखू लागली. आजार हाडात उतरला होता. नागपूरला नवी डॉक्टरीणबाई होती, तरुण आणि समजावून सांगणारी. ती म्हणाली, आता एक अँटिबॉडीचं इंजेक्शन आलं आहे, पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. कागदावर तिनं गोल काढला आणि त्याच्याभोवती बारीक खुंट्या. काही जणींच्या गाठीच्या पेशींवर एका प्रथिनाच्या अशा खुंट्या फार उगवलेल्या असतात. औषध त्या खुंट्यांना धरतं. खुंट्या नसतील तर धरणार कशाला? फुकटचा खर्च, शिवाय हृदयाला त्रास. म्हणून आधी गाठ तपासायची. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी ही तपासणी आमच्याकडे कोणी केलीच नव्हती. "मेणाचा ब्लॉक दिला असेल तुम्हाला. तो आणा, लगेच कळेल," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी उठून उभीच राहिले. चला, वडी आहे घरात!

मोठीबाई मात्र बसूनच होती. "ते त्यायच्या संग गेली," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईला काही समजलं नाही. मला समजलं. वस्त्राखाली गेलेला तो हात माझ्या डोळ्यांसमोर आला...

परतीच्या गाडीत मी तिला वाट्टेल ते बोलले. "बाई, तुम्हाला काही अक्कल आहे की नाही? हा काय सती जायचा जमाना आहे?" आजूबाजूची माणसं बघत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मले का मालूम तिचं काम पडन म्हणून? पोट्ट्यानं संभालून ठेवा म्हटलं. त्यायच्यापेक्षा संभालून कोणापाशी ठेवू? मांडीवर घेऊन नेलती त्याइनं." राग मात्र गेला नाही. तिच्यावरचा, त्या काउंटरवरच्या पोरावरचा, कोणावरचाच अजून गेला नाही.

पुन्हा नमुना घेतला, या वेळी कमरेच्या हाडातून. हाड मऊ करायला आम्लात ठेवावं लागतं, आणि त्या आम्लात कधीकधी खुंट्यांची खूणच पुसली जाते. रिपोर्ट आला: नक्की सांगता येत नाही. हो नाही आणि नाहीही नाही. मी काचेच्या पट्ट्या घेऊन गेले. डॉक्टरीणबाईनं त्या उलटसुलट पाहिल्या आणि मान हलवली. त्या आधीच रंगवलेल्या, एवढ्याशा पातळ पापुद्र्यावर आज भरवसा ठेवता येणार नाही म्हणाली. पुन्हा सुई टोचायला मोठीबाई तयार होईना. मी हात जोडले, भांडले, जेवण सोडलं. "बस झालं वं," ती म्हणाली. मग साध्या गोळ्या, आणि दुखण्याची औषधं.

शेवटच्या हिवाळ्यात अंगणात ऊन खात बसलो होतो. तिनं डोळे मिटलेलेच होते. एकदम म्हणाली, "प्रभा, ते औषध मले लागलं असतं का वं?" सगळं आयुष्य फटकन खरं बोलून टाकलेली मी... मला उत्तर माहीत नव्हतं, कोणालाच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "नसतं लागलं, बाई." "मंग बरं झालं," म्हणाली, आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

तिला न्यायच्या वेळी नवरा आरशामागून त्या दोन काचा घेऊन आला. "वहिनीच्या संग देऊन टाकू," म्हणाला. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं, पण मी त्या त्याच्या हातातून हिसकावूनच घेतल्या. आता शाळेत निघताना मी वेणी घालते तेव्हा आरशामागे हात जातो. काच खिडकीशी धरली की मधोमध गुलाबी डाग दिसतो, बोटाच्या नखाएवढा. उद्या कोणी हुशार माणूस एवढ्यावरूनही सांगू शकेल कदाचित, लागलं असतं की नसतं. तेव्हा त्याला विचारायचा धीर मला होईल असं वाटत नाही. काच पदरानं पुसते आणि परत फळीवर ठेवते. बिरसीचं विमान डोक्यावरून जातं, आणि मला शाळेला उशीर होतो.