माझ्या जागेतला तिचा मळा

बातमी आली तेव्हा मी धुळ्याला भाचीकडे कळण्याच्या भाकरी थापत होते. फोन आमच्या नानांचा. नाना म्हणजे माझे यजमान. सगळी कॉलनी त्यांना नाना म्हणते, म्हणून मीही म्हणते. "यमुनाअक्का गेल्या," एवढंच बोलले. अहो, कशा गेल्या, कुठे गेल्या, बोला तरी... तर म्हणाले, "वांग्यांना पाणी दिलं, निंबाखाली जरा टेकल्या, आणि तशाच." हातावरचं पीठ तसंच वाळलं. डोळ्यांत पाणी आलं, ते यायचंच होतं. पण त्याच्या जोडीनं मनात जे आलं तेही लिहिते, कारण यमुना असती तर तिनं ते माझ्या तोंडावरूनच ओळखलं असतं. मनात आलं, बघा, मरणसुद्धा हिनं कसं मिळवलं! ना दवाखाना, ना नळ्या, ना कुणाला उठवा-बसवा. पायाला ओली माती आणि डोक्यावर निंबाची सावली. आणि तेसुद्धा माझ्या जागेत!

जळगावला आमच्या घराला लागून एक मोकळा प्लॉट आहे. तो माझ्या नावावर आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही. मुलगा घर बांधेल म्हणून घेतला होता. मुलगा पुण्यात रमला आणि प्लॉटवर वेडी बाभूळ रमली. माणूसभर गाजरगवत, लोकांनी टाकलेले विटांचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या, डुकरं. साप निघाला की लोक आमचंच फाटक वाजवायचे, "ताई, तुमच्या प्लॉटातून निघाला." तेव्हा बरं सगळ्यांना माझं नाव न चुकता आठवायचं!

यमुना समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आली ती नवरा गेल्यावर, मुलाकडे. माणूस सावद्याकडचं, केळीच्या बागांत वाढलेलं. पहिल्यांदा माझ्या फाटकात आली तेव्हा तिची नजर माझ्याकडे नव्हतीच, प्लॉटकडे होती. म्हणाली, "ताई, इथं काही पेरत नही का तुम्ही?" मी म्हटलं, "काय पेरू, कचरा?" तर म्हणे, "मंग मी पेरू?" मला वाटलं, लावील बिचारी तुळस, चार झेंडू. म्हटलं, पेर बाई...

पेर म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कोयता वाजला. मी चहा ठेवून बघते तर पदर खोचून, डाव्या हातानं, सपासप. यमुना डावखुरी होती. जेवायला काय तो उजवा, बाकी सगळं डाव्यानं. बाभळी तोडल्या, मुळं खणून काढली, विटांचे तुकडे वेचून त्यांचाच कडेनं बांध घातला. मग एके दिवशी संध्याकाळी माझ्या घरापुढे मेंढ्या! साक्रीकडचे मेंढपाळ आपले कळप घेऊन चालले होते, त्यांना हिनं गाठलं आणि रानात खतासाठी बसवतात तशा माझ्या प्लॉटात मेंढ्या बसवल्या. कॉलनीत असलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. रात्रभर बें बें. सकाळी वरच्या गल्लीतले मास्तर नानांकडे तक्रार घेऊन आले, नाना माझ्याकडे आले, मी यमुनेकडे गेले. ती लेंड्या मातीत मिसळत होती. वर न बघता म्हणाली, "मास्तरले म्हना, मेथी आली की पहिली जुडी तुमाले." मास्तरांनी पुढे ती मेथी नेली, आणि नंतर दरवर्षी तेच विचारायला लागले, "अक्का, यंदा मेंढ्या कधी?"

भावाच्या केळीतून काढून टाकलेल्या ठिबकच्या जुन्या नळ्या तिनं एसटीच्या टपावर घालून आणल्या आणि माझ्या बोअरला जोडल्या. पाणी माझं, वीज माझी, जागा माझी. आणि वर्षाच्या आत मेथी, पोकळा, आंबट चुका, कांद्याची पात, कुंपणावर गिलकी, आणि मधोमध भरताची वांगी, हिरवी, मोठ्ठी, लोण्यासारखी मऊ. लोक पिशव्या घेऊन यायचे आणि म्हणायचे काय, तर "यमुनाअक्काचा मळा"! रिक्षावालासुद्धा आमच्या घराचा पत्ता तसाच सांगायचा, अक्कांच्या मळ्याशेजारी. म्हणजे मी माझ्याच प्लॉटच्या शेजारी राहायला लागले.

मीही कोपऱ्यात एक वाफा मागून घेतला. स्वतःच्याच जागेत मागून! तीच मेथी, तेच पाणी, तेच खत. तिची गुडघ्याला लागायची, माझी पिवळी पडून बसायची. ती हसली असती तर मला भांडता आलं असतं. पण ती मुकाट्यानं माझ्या वाफ्याचं पाणी कमी करायची आणि मला आणखी राग यायचा. एकदा राहवलं नाही. मी धुळ्याची, राग आला की माझ्या तोंडून माहेरच निघतं. म्हटलं, "यमुने, हाई जागा मनी शे! बठ्ठं गाव तुनं नाव का लेस?" म्हणजे, जागा माझी, तर सगळं गाव नाव तुझं का घेतं? ती खुरपं खाली ठेवून बसली. म्हणाली, "जागा तुही, कोन नही म्हनतं? गवतबी तुहंच व्हतं ना वं माय, ते कोनी नाव घेऊन मागलं का?" मग थांबून म्हणाली, "माहेरची जमीन भावाइची, सासरची दिराइची. जल्मभर राबली, पन कागदावर कुठी नाव नही. तुह्या नावाचा कागद पाहून मले काय व्हतं, तुले काय सांगू..." मी उठले. चहा आणला. पण खरं सांगू? तीही माझ्यावर जळते हे कळल्यावर तो चहा मला फार गोड लागला.

तिचं सगळ्यात चांगलं वांगं ती कधी तोडू द्यायची नाही. त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची. ते झाडावर पिकून पिवळं होईपर्यंत बियाण्याचं. एका हिवाळ्यात कॉलनीची भरीत पार्टी ठरली. कपाशीच्या काड्या पेटल्या, वांगी भाजली, पुरुष मंडळी बडगीत, म्हणजे त्या लाकडी कुंडीत, भरीत ठेचायला बसली. आणि आमचे नाना मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "चिंधी बांधलेलं स्पेशल होतं ते मी स्वतः तोडून आणलं!" यमुनेनं घास खाली ठेवला. सकाळच्या एसटीनं माहेरी गेली आणि भावजयीकडून नवं बी घेऊन आली. मला नानांचा राग आला, पण तिचंही काहीतरी फसतं हे पाहून आतून थोडं बरंही वाटलं होतं. आता मात्र ती भावजयही राहिली नाही, आणि भावाच्या शेतात नुसती केळी. त्या वांग्याचं बी आता तिकडे कुणाकडेच नाही.

मी धुळ्याहून परतले तेव्हा प्लॉटात एकाच वांग्याला चिंधी होती. तिनं बांधलेली. मागचे काही आठवडे मी त्याची राखण केली. नानांना त्या वाफ्यात पाय ठेवू दिला नाही. परवा ते पुरतं पिवळं झालं. कापलं, बी धुतलं, राखेत घोळून सुपात वाळत घातलं, आणि सुपाशेजारी बसून माझं डोकं पुन्हा तापलं. हे उगवलं तर लोक म्हणणार यमुनाअक्काची वांगी. नाही उगवलं तर म्हणणार, ताईंनी बी घालवलं. म्हणजे माझ्या वाट्याला काय? तरी उठून सूप आत घेतलं, चिमण्या येतात म्हणून.

तेराव्यानंतर तिच्या सुनेनं तिचं खुरपं मला आणून दिलं. ते उजव्या हातात चालतच नाही. तिच्या गावच्या लोहारानं डाव्या हातासाठी उलटं वळवलेलं. उजव्यानं ओढलं की गवत तसंच राहतं आणि माती उडते. नाना म्हणाले, बाजारातून दुसरं आणतो. मी म्हटलं, राहू द्या. आता मी डाव्यानं खुरपते. तिचं एका दमात व्हायचं, माझी सकाळ जाते.

काल खुरपत होते तर एक बाई स्कूटी थांबवून कुंपणाशी आली. "यमुनाअक्कांचा मळा हाच ना?" कंबर सरळ करून उठले. सांगणार होते, चांगलं ऐकवणार होते... "हाच," म्हटलं. मग राहवलं नाही म्हणून, "जागा माझी आहे."

ती हसली. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "मावशी, तुम्ही डावखुऱ्या का?"

"मी नाही गं," म्हटलं, "खुरपं आहे."