सीटमध्ये शिवलेली जॅकेटं

तिला सगळे टाचणी म्हणतात. बोलणंच तसं आहे. मी तिला ताई म्हणते. तिच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहते. खाली तिचं शिवणाचं दुकान: जाड सुईचं मशीन, ताडपत्रीचे गठ्ठे, भिंतीला टेकवलेल्या स्कूटरच्या सीट. जे जाड असेल ते तिच्याकडे येतं. "पातळ काम पातळ लोकांनी करावं," असं ती म्हणते.

घरची एक बोट आहे, तलावावर लोकांना फिरवून आणणारी. ती ताईच्या सासऱ्यांची होती. लाकडी बाक टोचतात म्हणून लोक कुरकुरायचे. गादी टाकली तर ती पाणी पिऊन कुजायची. मग सासऱ्यांना युक्ती सुचली. लाइफ जॅकेटं पाणी पीत नाहीत. तशीही ती कुणी घालत नाही, वाऱ्यानं उडतात, नाहीतर एखादा अंगात घालूनच पसार होतो. तेव्हा ती सीटच्या कव्हरात घालून शिवून टाकायची. ताई तेव्हा नवी सून होती. तिनं शिवली, दुहेरी टाक्यानं. सासरे येईल त्याला कौतुकानं दाखवायचे. तपासायला कुणी आलंच तर बाकावर थाप मारायचे. "आहेत की बोटीतच!"

यंदाच्या उन्हाळ्यात एक कव्हर फाटलं म्हणून तिच्याकडे आलं. गॅसवर चहा टाकून ती उसवायला बसली. चहा उतू गेला, आटला, भांडं करपलं. जॅकेट अर्धंही बाहेर आलं नव्हतं. ते करपलेलं भांडं हातात घेऊनच ती सासऱ्यांपुढे गेली.

"बाबा, सगळी उसवायची. वन्संची पोरं येतायत सुट्टीला. बोट उलटली तर मी तिथे कात्री शोधत बसू?"

"माझी बोट? उलटेल?" सासरे हसले. "सूनबाई, तू शिव. बोट मी बघतो."

तिचा नवरा पेपर वाचत होता. पेपर हलला नाही.

नणंद दोन पोरांना घेऊन आली. सुट्टीच्या दिवशी सगळे बोटीतून फिरायला निघाले, मलाही ओढून नेलं. धक्क्यावर पोचलो तर ताई आधीच बोटीत, गुडघे टेकून, कव्हरं टराटरा फाडत होती.

"वहिनी, सहल आहे ही! शिवणाचा क्लास नाही," नणंद म्हणाली.

"पोरं तुमचीच ना? मग धरा हे टोक."

शेजारचे बोटवाले बघत होते. सासरे लाल झाले. "चारचौघांत माझी शोभा करतेस?"

"करते. आधी जॅकेट घाला, मग रागवा."

"जन्म पाण्यावर गेला माझा. मला टोपडं बांधायला निघाली!"

पोरांना तिनं स्वतः घातली, पट्टे ओढून बघितले. नणंदेनं तोंड वाकडं करत घातलं. नवऱ्यानं एकदा बायकोकडे पाहिलं आणि मुकाट्यानं चढवलं. मला तर विचारलंच नाही. सासऱ्यांनी आपलं जॅकेट बाकावर टाकलं आणि त्यावर बसून सुकाणू धरलं.

दुपारी वारा सुटला. धाकट्याची टोपी उडाली. "अरे, माझ्या राजाची टोपी!" म्हणत सासरे वाकले. बोट कलली आणि सावरली. ते सावरले नाहीत. पडताना कपाळ बोटीच्या काठावर आपटलं. तो आवाज मी ऐकला. त्याचं मला अजून वाक्य करता येत नाही.

त्यांच्यासारखा पोहणारा त्या तलावावर नव्हता. पण शुद्ध गेलेला माणूस पोहत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या वर धरून ठेवणं, एवढंच जॅकेटचं काम. ते बाकावर होतं. ताईनं ते फेकलं. बरोबर त्यांच्याजवळ पडलं, पण धरायला हात हलले नाहीत. ते खाली गेले.

नवऱ्यानं उडी मारली. जॅकेटमुळे त्याला बुडी घेता येईना. तो पट्टे सोडायला लागला.

"काढलंस तर बघ!" ताई किंचाळली. "तुला पोहता येत नाही धड!"

त्यानं काढलं नाही. दुसऱ्या बोटी आल्या. सासऱ्यांना वर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

भेटायला लोक आले. खोलीत सतरंजीवर बसून कुजबुजले. "निघतानाच बुडायची भाषा केली म्हणे." "आणि सख्ख्या मुलाला बापापर्यंत जाऊ दिलं नाही." नणंद मान हलवत होती. तिची पोरं पलीकडे धडधाकट, एका खेळण्यावरून भांडत होती. मला ओरडावंसं वाटलं. मी पाण्याचे पेले फिरवले.

मला त्या कुजबुजीचा राग येतो. पेपरमागच्या नवऱ्याचा येतो. गेलेल्या माणसाचाही येतो, आणि तो कुठे न्यावा कळत नाही. नातवंडांवर त्यांचा जीव होता. सुनेचं ऐकायला तेवढा पुरला नाही.

ताई रडली ती मशीनवर बसून.

मग एक दिवस नवरा फाटलेली कव्हरं घेऊन दुकानात आला.

"सीझन चाललाय. शिवून दे."

"रिकामी शिवते."

"मग बसणार कशावर लोक?"

"लाकडावर. टोचू दे."

"तू मला बाबांकडे जाऊ दिलं नाहीस," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"नाही दिलं. परत पडले तरी देणार नाही." तिनं मशीन सुरू केलं.

आता ती दुकान बंद करून धक्क्यावर उभी असते. काल एक जण बायको-मुलीला घेऊन आला. दोघींनी जॅकेटं घातली. त्यानं घातलं नाही.

"फोटोत बुजगावणं दिसतं हो माणूस."

"मग उतरा."

"तुमची आहे का बोट?" त्यानं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, सांगा की बाईंना."

नवऱ्याचा हात इंजिन सुरू करायच्या दोरीवर होता. त्यानं दोरी न ओढताच सोडली आणि हाताची घडी घालून बसला.