बंदरावरचा बाक

जपानला निघालो तेव्हा एसटी स्टँडवर नाना भूगोलच शिकवत होते. कोकणातल्या खाडीकाठच्या शाळेत जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. मुलगा परदेशी निघाला, तर म्हणाले, "उत्तरेचा किनारा बघून घे. दिसतो नॉर्वेच्या फियोर्डसारखा, पण तो बर्फाने कोरलेला नाही. नदीच्या दऱ्यांत समुद्र शिरलाय, आपल्या खाडीसारखा." मी घड्याळ बघत होतो.

तो किनारा त्यांना दाखवायला मला अकरा वर्षं लागली. टोकियोतलं ऑफिस, इचिकावातला फ्लॅट, प्रोजेक्टची डेडलाइन. इकडे आलेल्यांनी ही कारणं दिली आहेत, गावी राहिलेल्यांनी ऐकली आहेत. आई गेली, मग नाना एकटेच आले.

शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, त्या किनाऱ्याकडे गेलो, मी, नाना आणि माझा आठ वर्षांचा ईशान. दोन्हीकडून डोंगर थेट पाण्यात उतरलेले, मधली खाडी निमुळती होत बंदरापाशी संपलेली. नाना नातवाला समजावत होते. त्सुनामी रुंद तोंडातून आत येते, जागा आवळत जाते, मग पाणी वरच चढतं, म्हणून टोकाचं गाव सगळ्यांत जास्त बुडतं. ईशान जपानीत म्हणाला, हे शाळेत झालंय. नानांना कळलं नाही, पण ते खूश झाले.

नानांना बंदरावरच्या बाकावर बसवून मी आणि ईशान जवळच्या कोंबिनीत, चोवीस तास उघड्या असलेल्या छोट्या दुकानात, खायला आणायला गेलो. जाताना मी बजावलं, इथेच बसा, हलू नका, भाषा येत नाही, हरवाल. इथे आलेल्या आईबापांना आपण सगळेच असं बजावतो.

कोंबिनीत असतानाच जमीन हलली. सायरन सुरू झाला. त्या किनाऱ्यावरची रीत अशी, की कुणासाठी थांबायचं नाही, आपापलं उंचावर पळायचं. एकमेकांना शोधायला मागे फिरलेली घरंच्या घरं तिथे बुडाली आहेत. ईशान पळाला, त्याच्यामागे मी. टेकडीवरच्या देवळातून बाक स्पष्ट दिसत होता. एक कोळी नानांना दंड धरून उठवत होता. नानांनी हात सोडवून घेतला. त्या रीतीत वाढलेला तो कोळी एका परक्यासाठी थांबला होता.

ईशान वर सुखरूप होता, गावातल्या बायकांनी त्याला जवळ घेतलं होतं. खाली जायला पाच मिनिटं पुरली असती. खोटं कशाला लिहू, मला कुणी धरून ठेवलं नव्हतं.

पाणी वीतभर चढलं आणि ओसरलं. इशारा उठल्यावर खाली आलो. नानांना सायरन कळला नसेल असं धरून मी समजावायला लागलो. त्यांनी मला थांबवलं.

"कळला होता रे. म्हटलं, मी उठून गेलो आणि तू मला शोधत खाली आलास, तर?"

मी वरून बघत होतो, हे त्यांना अजून माहीत नाही. ते आता गावी एकटे असतात. घर कुठलं असं कुणी विचारलं, की मी इचिकावा म्हणतो. खरं घर म्हणजे ते अजून माझी वाट बघत बसलेत ती जागा. तिथलं तिकीट मी दोनदा काढलं आणि दोनदा रद्द केलं.