वकिलातीतलं भरीत

वकिलातीतला साहेब म्हणजे सुटाबुटातला, तोलून-मापून बोलणारा, अशी माझी समजूत. पारोळ्याच्या नानांनी ती पहिल्याच भेटीत मोडीत काढली. आपल्या वकिलातीच्या मागच्या अंगणात हा माणूस बाह्या सरसावून वांगी भाजत होता, आणि शेजारी एका मित्रदेशाचा अधिकारी घामाघूम होऊन बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, ती ठेचत होता!

"खाईल त्यानं आधी ठेचायचं," हा नानांचा कायदा. त्यातून राजदूतही सुटत नसत. मी दीपनगरच्या वीजकेंद्रातली नोकरी सोडून त्या दूरदेशी तशाच केंद्रावर लागलेलो. परदेशात येऊन साहेबानं भरीत कसलं करायचं, असं मी तोंडावर म्हणालो. नाना हसले. "चूल विझली तर विस्तव शेजारीच मिळस ना, भाऊ?"

खोटं नव्हतं ते. मित्रदेशाचा एक खलाशी आजारी पडला तेव्हा आपल्या वकिलातीची गाडी धावली. आपला मजूर तुरुंगात अडकला तेव्हा त्यांचा वकील उभा राहिला.

मग एका सकाळी शहरात गोळीबार सुरू झाला. विमानतळ बंद. आपलं जहाज यायला आठवडा लागणार आणि माझ्या बायकोला, सुनंदाला, नववा महिना. माझं तर डोकंच चालेना. मित्रदेशाचं जहाज दुसऱ्या दिवशी निघणार होतं, त्यावर डॉक्टरही होता. नानांनी त्या भरीत ठेचणाऱ्या अधिकाऱ्याला फोन केला. त्यानं तीन जागा दिल्या. दोन आमच्या, तिसरी खास नानांसाठी. पारोळ्याला त्यांची आई अंथरुणाला खिळली होती, आज-उद्याची सोबती. नानांना रजाही मिळाली होती.

बंदरावर नाना आले ते बॅगेशिवाय. हातात किल्ल्यांचा जुडगा. मित्रदेशाची वकिलात बंद होत होती आणि मागे अडकलेली त्यांची माणसं सांभाळायचं नानांनी कबूल केलं होतं. स्वतःची जागा त्यांनी एका आजारी गवंड्याला देऊन टाकली होती.

मी भडकलोच. "अहो नाना, आई वाट बघतेय तिकडे! ही माणसं तुमची कोण?"

"बठ्ठा आपलाच शेतस," सगळी आपलीच, एवढंच म्हणाले, आणि सुनंदाची पिशवी उचलून शिडीपर्यंत आले.

लेक जहाजावरच झाली, सुखरूप. दोन महिन्यांनी नाना परतल्याचं कळलं, तशी तिला घेऊन आम्ही पारोळ्याला गेलो. आई महिनाभरापूर्वीच गेली होती, दाराकडे डोळे लावून. नाना ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते.

त्यांनीच विचारलं, "पोर कशी शे?"

मी लेक त्यांच्या मांडीवर ठेवली. तेव्हा कुठे नाना आईसाठी रडले.