टपाच्या गाडीचं पाणी

गाडीत बसण्याआधी तो बोटाच्या पेरानं पत्र्याचे दोन्ही डबे वाजवायचा. दाराखालच्या लांब फळीवर तेलाचे दोन रिकामे डबे त्यानं चामडी पट्ट्यानं आवळून बांधले होते आणि ते पाण्यानं भरलेले असत. आवाज भरीव आला की मान हलवून म्हणायचा, "चला मालक. पानी मागून गाडी चालवायची न्हाई."

असे जुने ड्रायव्हर तुम्हीही पाहिले असतील. खाकी टोपी, कानात अत्तराचा बोळा, तोंडात पान. आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो. तो ड्रायव्हर होता, मिस्त्री होता, आणि खोटं बोलण्यात तर आमच्या केज तालुक्यात त्याला जोड नव्हती.

गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. चार दारं, घडीचा कापडी टप, बाहेर डोळे काढलेले दोन मोठे दिवे. एका देशमुखांच्या गोठ्यात ती बरीच वर्षं पडून होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. बहात्तरच्या दुष्काळात मी ती कडब्याच्या बदल्यात उचलली. त्या साली मोटारीपेक्षा कडब्याला भाव होता आणि कडबा माझ्याकडे होता. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत मी मोठा झालेला माणूस. समोरच्याची नड मला त्याच्या बोटांवरून कळते. देशमुखांची बोटं थरथरत होती. मी आणखी दोन पेंढ्या कमी केल्या.

उस्तादानं बॉनेट उघडून आत कान लावला, जसा वैद्य छातीला लावतो. म्हणाला, "इंजन जित्तं हाय. मालकच मेलेत." देशमुख शेजारीच उभे होते. मला हसू आवरेना.

वर्षभर खपून त्यानं ती उभी केली. नवा टप शिवून घेतला, पितळ घासलं, अंगाला गर्द हिरवा रंग दिला. सपाटीला ती हरणासारखी पळायची, पण घाटात तापायची. ते डबे त्यासाठी. मी म्हणायचो, अरे, वाटेत गावं आहेत, कुणीही तांब्याभर देईल. तर म्हणायचा, "द्येतील की. न्हाई म्हनत न्हाईत, त्येच वंगाळ हाय."

गावोगाव त्या गाडीची वेगळी जन्मकथा असायची. युसूफ वडगावच्या बाजारात ती नवाबाची शिकारीची गाडी होती. कड्याच्या बाजाराला गेलो तर तीच कुण्या गोऱ्या साहेबाच्या मडमेची झाली. मी एकदा विचारलं, खरं काय? म्हणाला, "मालक, ज्याला जे ऐकून बरं वाटंल त्ये खरं." पोरं गाडीला हात लावायला यायची, तर तो हॉर्नचा रबरी फुगा त्यांच्याच हातात द्यायचा.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या साखर कारखान्याची निवडणूक लागली. मला संचालक व्हायचं होतं. का, ते सांगतो. कारखान्याच्या सभेत बसलो की जमीनदारांची पोरं आपसात म्हणायची, दलाल आला, बैलांचे दात बघायला. त्यांच्या रांगेतल्या खुर्चीवर मला एकदा बसायचं होतं, बस. आमच्या पॅनेलचे म्होरके होते, त्यांना सगळे दादा म्हणत. धारूरच्या सभेत दादांनी माझा हात धरून वर केला असता, तर डोंगरपट्ट्यातली मतं माझी होती. दादांना माझी गाडी आवडायची. टप उघडा टाकून उभ्यानं हात जोडत जायला तिच्याइतकी गाडी साऱ्या जिल्ह्यात नव्हती.

अडचण एकच होती, ती डब्यांची. आदल्या आठवड्यात उतरताना दादांचं धोतर डब्याच्या कडेत अडकून टर्रकन फाटलं होतं. ते म्हणाले, "हे घासलेटवाल्यासारखं काय बांधलंय बे?" लोक हसले. ते हसू मला झोंबलं.

धारूरला निघायच्या दिवशी उस्ताद पान आणायला गेला, तेवढ्यात मी डबे सोडून घरात ठेवले. त्या जागी माझ्या फोटोच्या पत्रकांचे गठ्ठे रचले आणि वर पोतं टाकून पट्टा आवळला. तो आला, सवयीनं बोट पुढं केलं. मी ओरडलो, "वाजवत काय बसतोस, दादा खोळंबलेत!" त्यानं बोट मागं घेतलं. तेवढ्या एका दिवशी त्यानं डबे वाजवले नाहीत.

दादांना गाडीत घेऊन निघालो आणि घाटाच्या अर्ध्यात गाडी भकाभक वाफ सोडून थांबली. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. उस्तादानं उतरून पोतं उचललं, एक पत्रक हातात घेतलं. मग म्हणाला, "मालक, आता ह्ये फोटू वतू का हिच्यात?"

दादा हसले नाहीत. मी तर नाहीच. उस्तादाचं म्हणणं होतं, ऊन कलेपर्यंत थांबू, इंजिन गार झालं की उताराला लावून परत फिरू. पण सभा वर भरलेली होती. खालच्या अंगाला एक वाडी दिसत होती आणि वाटेनं एक बाई भरली घागर डोक्यावर घेऊन चढत होती. मी खाली धावलो.

मला वाटलं, भाव होईल. मी खिशात हात घालून विचारलं, काय घ्याल?

तिनं घागर उतरवली, चुंबळ हातात घेतली. "पान्याचं काय घ्यायाचं, भाऊ? उन्हात मानसं बसल्यात न्हवं? न्या. घागर तेवढी वापस द्या."

तिनं एका शब्दानं जरी घासाघीस केली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. विहीर कुठं होती ते मी विचारलंही नाही.

वर आलो तर उस्ताद रेडिएटरचं झाकण उघडायला तयार नव्हता. "इंजन लाल झालंय. आत्ता वतलं तर फुटंल. आन् ह्ये पानी मी वतनार न्हाई." मी त्याला नको ते बोललो, दादांच्या देखत. फडक्यानं झाकण फिरवलं तशी वाफ उसळली, माझा हात भाजला. तरी मी घागर उपडी केली. निम्मं पाणी रस्त्यावर गेलं आणि बघता बघता वाळलं. निम्मं आत गेलं, आणि आतून वाळली काठी मोडावी तसा आवाज आला.

उस्तादानं माझ्या हातून घागर घेतली. टोपी नीट केली, घागर खांद्यावर टाकली आणि उताराला लागला. मी हाका मारल्या. शिव्याही दिल्या. त्यानं वळून पाहिलं नाही.

दादा खडीच्या ट्रकात बसून वर गेले. जाताना म्हणाले, "तुम्ही आपले बाजारातच बरे." निवडणुकीत मी पडलो. त्यानंतर कुणीही विषय काढला की मी सांगायचो, माझ्या ड्रायव्हरनं मला भर घाटात टाकलं, म्हणून पडलो. इतक्यांदा सांगितलं की ते पाठच झालं. उस्ताद परत आलाच नाही. त्या उन्हाळ्यात तो पाण्याच्या टँकरवर लागल्याचं कळलं, पुढं लातूरकडं गेला. मी बोलावणं धाडलं नाही. दुसऱ्या मिस्त्रीकडून इंजिन सांधून घेतलं. डबे मात्र पुन्हा फळीवर बांधले, रोज भरतो.

परवा त्याच्या मरणाची बातमी आली. इतकी वर्षं त्या वाडीचा फाटा आला की मी वेग वाढवायचो. या वेळी गाडी आत वळवली. खरं सांगतो, मनात हिशेबच होता: घागर तरी परत केली का त्यानं, बघावं.

घागर देणारी ती बाई पहिल्याच घराच्या ओसरीवर शेंगा निवडत होती. केस पांढरे झालेले. गाडी पाहून उठली. "टपाची गाडी! हिचा डायवर आलता की घागर घिऊन. पार तळाच्या हिरीवरनं भरून आनली, दिवस मावळला व्हता. लई ग्वाड मानूस, पन इसराळू."

मी विचारलं, विसराळू कसा?

"म्हनला, आक्का, डबे मीच घरी इसरलो, मालकाला ठावं बी न्हवतं. मालकाच्या डोळ्याला पानी आलं म्हनला. त्येनीच धाडलं, घागर भरल्याबिगर तोंड दावू नको म्हनं." ती माझ्याकडं निरखून पाहू लागली. "त्ये मालक तुमीच का?"

मी हो म्हणालो.

"बसा की," म्हणत ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. मला तहान नव्हती. डबे भरलेले होते. तरी तांब्या घेतला. वरून पिताना समोरच्याकडं पाहावं लागत नाही. मी तो अगदी सावकाश संपवला.